तोतारामआबा गाडीखाली गेले

घरच्या गाडीचं ऑइल परक्या हाताने बदलून घेणं तोतारामआबांना पोरगी न बघता सून आणण्यासारखं वाटे. सावद्यापलीकडच्या त्यांच्या गावात आबांचा ट्रॅक्टर, दोन मोटरसायकली आणि केळीच्या बागेतलं जुनं इंजिन, कशालाच कधी गॅरेजचं दार ठाऊक नव्हतं. जेवण चुकेल, पण ऑइल चुकणार नाही, असा माणूस.

या नादापायी त्यांनी सख्खी बहीण घालवली होती. वच्छलाबाईला नशिराबादला दिलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिला माहेरी आणायला दरवर्षी आबा स्वतः मुराळी म्हणून जात. एका आखाजीला ट्रॅक्टरचं ऑइल काढून बसले आणि बहिणीला साफ विसरले. ती पिशवी भरून दिवसभर ओट्यावर बसून राहिली. पुढच्या वर्षी आबा गेले तर तिने पाणी दिलं, चहा दिला, शब्द दिला नाही. सुनेकरवी निरोप तेवढा दिला की आता त्याच्या दारी येणार नाही, येईन ती दारावर. म्हणजे तो मेल्यावर, रडायला. आबांना हे फार लागलं. बहिणीची एक शिवी ऐकल्याशिवाय मरण नको, असं ते बायकोजवळ, मंदाबाईंजवळ म्हणत.

अशात त्यांचा मुलगा हितेंद्र पुण्याहून सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेऊन आला. लाल, दोनच माणसांची, आणि इतकी बुटकी की अंगणातली कोंबडीसुद्धा तिच्याखाली जाताना विचार करी. हिचं ऑइल पुण्यालाच बदलतात म्हणताच आबांनी कुदळ घेतली. जॅक खाली जात नव्हता म्हणून त्यांनी अंगणात खड्डा खणला, घमेलं घेऊन आत बसले आणि पोराला गाडी वरून घ्यायला लावली. हितेंद्रने गाडी बरोब्बर खड्ड्यावर आणून गिअरमध्ये उभी केली. आबांनी खालचा नट काढला. काळं ऑइल घमेल्यात कमी आणि आबांवर जास्त आलं.

मग नव्या ऑइलची गोष्ट निघाली. ट्रॅक्टरचं चालेल, असं आबांचं म्हणणं. हितेंद्र ऐकेना. तो मोटरसायकल काढून जळगावला ऑइल आणायला गेला, आणि कारची चावी त्याच्याच खिशात गेली. आबा खड्ड्यात, वर कुलूपबंद गाडी. फटीतून त्यांना लोकांची फक्त पावलं दिसत.

तेवढ्यात मंदाबाईंचा फोन वाजला. वच्छलाबाईची सून दीपमाला सहज विचारत होती, मामा कुठे आहेत.

"ते गाडीखाले गेले," मंदाबाई म्हणाल्या. कोणाच्या, असं विचारल्यावर म्हणाल्या, हितेंद्रच्याच. आणि हितेंद्र? तो जळगावला पळाला. मामा बोलतात का? आता कशाचे बोलतात, तोंड काळं झालंय नुसतं. इतक्यात चुलीवरचं दूध उतू गेलं आणि फोन बंद झाला. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

दोन तासांत रिक्षा आली, वच्छलाबाई आणि तिच्या गल्लीतल्या दोन-तीन बायका उतरल्या. मेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून वच्छलाबाईने कळण्याच्या भाकरी आणि पिठलं फडक्यात बांधून आणलं होतं. मंदाबाई मागे गोठ्यात. अंगणात सांडलेलं काळं बघून वच्छलाबाईने गाडीशेजारीच बसकण मारली आणि हंबरडा फोडला.

आबांना आवाज ओळखू आला. सगळं समजलं. ओरडून सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. जिवंत निघालो तर ही उठून जाईल. एवढ्या वर्षांनी बहीण भाऊ म्हणून हाक मारत होती, ती ऐकत मेलेलं राहणंच त्यांना बरं वाटलं. ती त्यांचे गुण गात होती. त्यातले निम्मे आबांनाही नवीन होते.

मग ती आखाजीवर आली. "माह्या भावाचा काही दोस नव्हता," ती रडत म्हणाली, "मंदानंच त्याले मुराळी येऊ देलं नही."

आबांनी दात आवळले. पण जन्मभर साथ दिलेल्या बाईवर आळ, तोही आपल्याच मयतात, हे त्यांच्याने सोसेना.

"नही वं," गाडीखालून आवाज आला. "मीच इसरलो. ट्रॅक्टरचं ऑइल काढेल व्हतं."

रडायला आलेल्या बायकांचे पदर तोंडातच राहिले. वच्छलाबाई उठली. भाऊ जिवंत, म्हणजे दारावर येणं खोटं, आणि दारी यायचं नाही ही तर तिचीच वाणी. आबांना फटीतून तिची पावलं फाटकाकडे वळलेली दिसली. त्यांना रडू आवरेना.

"वच्छला, मी मेलोच समज," ते म्हणाले. "पन जाऊ नको."

पावलं थांबली. मग बांगड्या वाजल्या, कोणीतरी जमिनीवर टेकलं, फडक्याची गाठ सुटली. गाडीखालच्या फटीतून एक भाकरी हळूहळू आत सरकू लागली. आबांनी दोन्ही हात पुढे केले. हात डांबरासारखे काळे. भाकरी चटकन मागे गेली.

"पयले हात पूस," वच्छलाबाई म्हणाली.