मामीच्या खांद्यासाठी काडतुसे

पेटीवर छापलेल्या विशेषणांवर माझा विश्वास नाही. मी स्वतः पत्रके लिहिते, त्यामुळे विशेषण कधी घालतात हे मला ठाऊक आहे. हाताशी आकडा नसला की घालतात. त्यामुळे मामीने काडतुसांची पेटी माझ्यापुढे ठेवली आणि तिच्यावर सोनेरी इंग्रजी अक्षरांत कमी धक्क्याची आणि स्वच्छ जळणाऱ्या दारूची जाहिरात दिसली, तेव्हा मी पेटी सरळ उलटी केली आणि मागची बारीक अक्षरे वाचायला घेतली.

"तेच म्हणतंय मी," मामी म्हणाली. "तू दुनियेचां वाचतंस मगो. ह्यां वाच आणि माका सांग, खरां काय खोटां."

मामी मांद्र्याची. माझे घर नार्व्याला, पण टेकड्या कापण्याविरुद्धचे आमचे काम पेडण्यात चालते, म्हणून तीन वर्षे मी तिच्याकडेच राहते. मामाच्या नावावर शेतराखणीची दुनळी बंदूक होती, त्याच्या वडिलांकडून आलेली. काजूच्या बागेत माकडे उतरली की हवेत एक बार काढायचा, एवढाच तिचा उपयोग. मामाचे डोळे अधू झाले तेव्हा परवाना मामीच्या नावावर झाला. अर्ज मीच लिहिले होते. डिचोलीच्या बाजूला एका बंद पडलेल्या चिरेखाणीत नेमबाजीचा क्लब आहे. तिथे यंत्रातून बशीएवढ्या मातीच्या थाळ्या हवेत फेकतात आणि छऱ्याच्या बंदुकीने त्या फोडायच्या असतात. मामी एकदा नुसती बघायला म्हणून गेली आणि तीन थाळ्या फोडून आली. मग परवान्यावर खेळाची नोंद करून घेण्याचा अर्जही मीच लिहिला. एकावन्नाव्या वर्षी ही बाई दर रविवारी फक्त स्वतःसाठी घराबाहेर पडू लागली. ना लग्नाला, ना बाराव्याला, ना डॉक्टरकडे.

गंमत अशी की त्या क्लबाविरुद्ध माझे एक पत्रक होते. छरे शिशाचे असतात, ते खाणीत पडतात, आणि पावसात खाणीचे पाणी खालच्या ओहोळाला जाते. हे मी लिहिले, छापले, ग्रामसभेत वाटले. क्लबाने एकच मान्य केले, की रिकामी काडतुसे कुणीतरी गोळा करावी. ते कुणीतरी मीच झाले. त्यामुळे रविवारी मामी पुढे उभी राहून बार काढायची आणि मी मागे गोणपाट घेऊन रिकाम्या काडतुसांची प्लास्टिकची टोपणे वेचायची. मामा म्हणायचा, "एकाच स्कूटरवर दोन पार्ट्या."

प्रश्न खांद्याचा होता. आदल्या वर्षी मामी विहिरीच्या पायरीवर घसरली आणि तिचे गळपट्टीचे हाड मोडले. हाड सांधले, पण बंदुकीचा दस्ता ज्या खळग्यात टेकतो तिथेच ते दुखरे राहिले. दर सोमवारी तिथे जांभळासारखा वण. नारळ खवायला बसली की हात मध्येच थांबायचा. म्हापशाच्या हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "दोन महिने बघतो. तेव्हाही हा वण असाच असला तर बंदूक बंद, कायमची. हात वर जाईनासा झाला तर मग माझ्याकडे रडत यायचे नाही." आणि त्याच दोन महिन्यांच्या शेवटी क्लबाच्या महिला संघाची निवड होती. पंचवीस थाळ्यांपैकी अठरा फोडायच्या. मामी चौदावर अडकली होती, कारण बार सुटायच्या आधीच तिचा खांदा मागे जायचा. धक्का येणार हे खांद्याला कळून चुकले होते.

क्लबात शिकवणारे गृहस्थ बेळगावकडचे, लष्करातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना सुभेदार म्हणतात. ते म्हणाले, "मामी, काडतूस बदला की ओ. तुम्ही अठ्ठावीस ग्रॅमची मारालाय, ती पैलवानांची हाईत."

म्हणून त्या पेट्या आल्या. तीन प्रकारच्या. मी त्यांच्याशी पत्रकासारखीच वागले. पुढची बाजू सोडून दिली, मागचे आकडे वहीत उतरवले. काडतुसात किती ग्रॅम छरे आहेत आणि ते किती वेगाने सुटतात, धक्का यावरून ठरतो. जड आणि जलद म्हणजे खांद्यावर लाथ. हलके आणि जरा संथ म्हणजे ढकलल्यासारखे. एक पेटी अठ्ठावीस ग्रॅमची होती आणि तरी तिच्यावर 'सौम्य' लिहिलेले. ती मी तिथल्या तिथे बाजूला केली. उरल्या दोन, दोन्ही चोवीस ग्रॅमच्या. त्यातल्या एकीत छऱ्यांमागची डाट प्लास्टिकची होती, दुसरीत दाबलेल्या लोकरी नमद्याची. प्लास्टिकची डाट दर बाराबरोबर खाणीत जाऊन पडते आणि तिला कुणी वेचत नाही. मीसुद्धा नाही, कारण ती पाण्यात पडते. नमद्याची कुजून जाते. माझा कौल अर्थातच तिला होता, पण नुसत्या मतावर मामीचा खांदा द्यायला मी तयार नव्हते.

दोन चाचण्या केल्या. पहिली छऱ्यांची. माझ्याकडे एका ग्रामसभेची हजारभर पत्रके पडून होती, तारीख चुकीची छापलेली. ती फळीवर शेजारी शेजारी चिकटवली, मामीने तीस पावलांवरून एकेक बार काढला आणि मी भोके मोजली. आठ नंबरचे, म्हणजे बारीक, छरे सगळीकडे सारखे पसरले होते. 'टेकडी आमची आई' या ओळीत अकरा भोके पडली. सुभेदार बघून म्हणाले, "आता खरं भिडलंय बघा तुमचं पत्रक." दुसरी चाचणी स्वच्छतेची. दहा बार झाले की नळीतून मामाच्या जुन्या पांढऱ्या पंच्याची चिंधी ओढायची आणि बघायची. खराब दारू अर्धवट जळते, नळीत काजळी आणि न जळलेले कण राहतात, मग बंदूक उघडताना अडते. दोन्ही चिंध्या काळ्या निघाल्या, पण नमद्याची जरा कमी.

आता धक्का. मामीला कळू न देता सुभेदार एकेक काडतूस भरायचे. कधी जुने अठ्ठावीसचे, कधी नवे चोवीसचे. बार झाला की मामीने सांगायचे, जोरात की हळू. आठ बारांनंतर मामीने बंदूक उघडून हातावर आडवी घेतली.

"सगळीं सारकीच लाथाडतत गो."

"मामी, असां जावंक शकणा नाय. चार ग्रॅमचो फरक आसा."

"तुझ्या कागदार आसात."

मी वही पुढे केली, आकडे दाखवले. तिने बंदूक मिटली आणि पिशवीत घातली. बोलायला मी जागा ठेवली नव्हती. लोकांचे ऐका, लोकांच्या अनुभवाची नोंद घ्या, असे मी प्रत्येक सभेत ओरडून सांगते, आणि इथे समोरचा माणूस दुखते आहे म्हणत होता तर मी त्याला पेटीची मागची बाजू वाचून दाखवत होते. कंपनीची जाहिरात मी मानली नाही, कंपनीचा आकडा मात्र देवाचा शब्द धरला.

पुढचे तीन रविवार मामीने नमद्याची चोवीस ग्रॅमची काडतुसेच वापरली. वण तसाच. थाळ्या तेरा, चौदा, बारा. तिसऱ्या रविवारी परतताना कोलवाळच्या पुलावर ती स्कूटरच्या मागून म्हणाली, "म्हातारी झालंय मी, दुसरां काय नाय. तुझीं काडतुसां बरी आसत." मला तिच्या वयापेक्षा त्या 'तुझीं' शब्दाचा राग आला. पण कुणावर काढणार?

उलगडा गोणपाटातून झाला. रिकामी काडतुसे मी घरी आणून ढीग करते. किती प्लास्टिक पडते याचा फोटो पुढच्या पत्रकासाठी लागतो. त्या सोमवारी ढीग पसरला आणि दिसले, की बहुतेक टोपणांची तोंडे नीट फुलासारखी उमललेली आहेत, आणि काहींची मात्र उंदराने कुरतडल्यासारखी झिजलेली, चिंध्या झालेली. कुरतडलेली सगळी मामीची; मोजदादीसाठी तिच्या टोपणांवर मी पेनाची खूण करत असे. तेच काडतूस, तीच पेटी, पण दुसऱ्यांच्या बंदुकीतून आलेले टोपण गुळगुळीत. म्हणजे काडतुसाकडे बोट दाखवून उपयोग नव्हता. मी शिवणकामाचा टेप लावला. उमललेले टोपण सत्तर मिलिमीटर.

फोन सुभेदारांना. त्यांनी टोपणाची लांबी दोनदा विचारून घेतली. मग म्हणाले, "बंदूक सुटी करा. नळीच्या खालच्या चपट्या बाजूला आकडा असतोय, काडतुसाच्या घराची लांबी. मी कधी बघितला नाही. मामी सुटी करू देतच नव्हत्या की."

हे खरे होते. मामाच्या घरचा नियम असा की बंदूक घराबाहेर सुटी करायची नाही. घरी साफ करायची तीही नळीच्या आतून, वरून हात न लावता. आणि खंडेनवमीला मात्र ती पूर्ण उघडायची, देवासमोर पाटावर मांडायची आणि गंध, हळद, कुंकू लावायचे. वरच्या बाजूला लावले तर नेम धरताना डोळ्यासमोर येते, म्हणून खालच्या चपट्या बाजूला. देवाचे गंध पुसायचे नाही. पुढच्या वर्षी त्याच्यावरच नवे. मामाच्या वडिलांपासून हे चालू. मी तीन खंडेनवम्या त्या पाटासमोर बसून आपट्याची पाने मोजली होती आणि 'अंधश्रद्धा' या विषयावर तोंड वाजवले होते. पण ते गंध नेमके कशावर बसले आहे हे वाकून बघितले नव्हते.

मी रॉकेल आणि जुना दातांचा ब्रश घेतला.

"रॉकेलान पुसतंस?" मामी दारात उभी. "देवाचां गंध?"

"मामी, खाली आकडो आसा. तो बघल्याशिवाय तू परत बार काढूचो नाय."

ती मामाकडे वळली. मामा खिडकीजवळच्या खुर्चीत होता. त्याला दिसत नव्हते, पण वास आला असणार. तो म्हणाला, "पुसूं दे. बापायन पयल्यांदा लायल्यान तेव्हा थंय काय होतां, माका पण ठावक नाय."

गंध खरवडून निघेना, पापुद्र्यांनी निघाले. लाल, मग पिवळे, मग तेलकट काळे. खाली धातू दिसला आणि त्यात कोरलेले पासष्ट.

बंदूक जुन्या काळची, पासष्ट मिलिमीटरच्या काडतुसाची. आजची काडतुसे सत्तरची. भरताना ती नीट बसतात, कारण तोंड दुमडलेले असते. बार होताना तोंड उघडते आणि त्याला जागा पुरत नाही. ते पुढच्या निमुळत्या भागात घुसते, वाट अडते, आतला दाब वाढतो. त्यामुळे धक्का, त्यामुळे काजळी, त्यामुळे कुरतडलेली तोंडे. चोवीस ग्रॅम काय आणि अठ्ठावीस काय. मामीच्या खांद्याने पहिल्याच दिवशी बरोबर सांगितले होते. जुनी नळी एखाद्या रविवारी फाटली असती, हे सुभेदारांनी नंतर सांगितले. हळू आवाजात, माझ्याकडे न बघता. मीही त्यांना काही बोलले नाही. बोलले असते तर आधी मला स्वतःला बोलावे लागले असते.

मी मामीची माफी मागितली. तिने ब्रश माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "ह्यो माझो होतो?"

"नाय, मामाचो."

"मग ठीक आसा."

बंदूक सुभेदारांच्या ओळखीच्या बेळगावच्या कारागिराकडे तपासून आणली. नळी कुठे फुगलेली नाही, काडतुसाचे घर शाबूत आहे. त्यात दोन रविवार गेले. पासष्टची काडतुसे शोधायला सुभेदारांनी चार ठिकाणी फोन लावले, आणि शेवटी ती क्लबाच्याच कपाटात निघाली. कुणीतरी जुन्या बंदुकीसाठी मागवलेली आणि न नेलेली. चोवीस ग्रॅम, आठ नंबर, नमद्याची डाट. पेटी साधी, सोनेरी काही नाही. या वेळी मी पेटी वाचली, बंदूक वाचली, आणि मामीने पहिला बार काढल्यावर वही मिटून फक्त तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

ती वळली. "ह्यां हळू."

चिंधी ओढली तर राखाडी. टोपणाचे तोंड फुलासारखे.

निवडीपूर्वी तिला एकच रविवार मिळाला. खांद्याची सवय एका रविवारात जात नाही. निवडीच्या दिवशी मामीने सोळा फोडल्या. दोन कमी. संघात दुसऱ्या दोघी गेल्या. परतताना डिचोलीच्या बाजारात आम्ही पोईचा पाव आणि पातळभाजी खाल्ली. तिने माझ्या ताटातली मिरचीही उचलली आणि आपण कुठल्या नऊ थाळ्या चुकवल्या ते क्रमाने सांगितले. तिला एकेक आठवत होती.

दुसऱ्या दिवशी म्हापशाला. डॉक्टरांनी अंगठ्याने खांदा दाबून बघितला, पुन्हा दाबला. वण नव्हता. "बंदूक सोडली वाटते?" त्यांनी विचारले. मामी म्हणाली, "काल पंचवीस बार काढले." त्यांनी तिचा हात डोक्यावर नेऊन खाली आणला आणि कागदावर लिहिले, चालू ठेवायला हरकत नाही. तो कागद मामीने घडी करून परवान्याच्या प्लास्टिकमध्ये ठेवला.

शिशाचे पत्रक मी मागे घेतलेले नाही. छरे अजूनही खाणीत पडतात आणि ओहोळ अजूनही खालीच वाहतो. त्याच्यासोबत ग्रामसभेला दिलेल्या अर्जावर मामीने सही केली आहे, पहिल्याच ओळीत, आणि रविवारी ती जातेच.

यंदाच्या खंडेनवमीला बंदूक पाटावर उघडली तेव्हा मामाने सवयीने गंधाचे बोट चपट्या बाजूकडे नेले. मामीने त्याचा हात धरून लाकडी दस्त्यावर आणला.

"हंय लाया," ती म्हणाली. "थंय आकडो आसा."