फीत कापायचा गुरुवार

हार्लन फोर्क गावात आर्डिस नोवोत्नीशिवाय कुठल्याही दुकानाचं दार उघडत नसे. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा येवो की दात काढणारा, त्यानं आधी व्यापारी मंडळात नाव घालायचं, आणि मग मंडळाचा लाल कोट घालून, हातभर लांब कात्री घेऊन आर्डिस दारात हजर. फोटोत ती नेहमी मधोमध. गालिचे आणि पडदे विकणाऱ्या बाईचा एवढा तोरा कशासाठी, असं बाहेरून आलेल्यांना वाटे. गावाला ते ठाऊक होतं. शुक्रवारी सकाळी मंडळाची कॉफी असे, तिथं आर्डिसच्या हातचे खसखशीचे कोलाच, म्हणजे गोड भरलेले पाव, खाऊन झाले की एकेक दुकानदार तिला बाजूला घेऊन आपलं रडगाणं गाई. कुणाची बायको रुसलेली, कुणाच्या पोराला शेती नको. आर्डिस सगळं मनापासून ऐके आणि जाता जाता त्याला पडदेही विकी.

अशा बाईच्या राज्यात शॉना टिबेट्स आली. सहा काउंट्यांचं मिळून जे मानसिक आरोग्य केंद्र होतं, त्यानं मुख्य रस्त्यावरच्या जुन्या बुटांच्या दुकानात शाखा घेतली आणि तिथली समुपदेशक म्हणून शॉना कॉफीला येऊ लागली. तिशीची पोर, पायात पळायचे बूट, हातात विकतच्या डोनटचा खोका. कॉफीला प्रत्येकानं उभं राहून अर्ध्या मिनिटात आपल्या धंद्याचं कौतुक करायचं अशी पद्धत. शॉना उठली आणि म्हणाली, "माझ्याकडे विकायला काही नाही. झोप लागत नसेल, तर या." आणि खाली बसली. त्या दिवशी पहिल्यांदाच टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही.

पुढच्या शुक्रवारी बँकेचा वर्लिन पेल्झ शॉनाच्या टेबलापाशी उभा. हा वर्लिन, ज्याच्या आईच्या आजारपणापासून जावयाच्या दारूपर्यंत सगळं आर्डिसनं ऐकलेलं, तो आता त्या पोरीसमोर मान खाली घालून बोलत होता आणि त्याच्या हातात विकतचं डोनट होतं. आर्डिसच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं उरलेले कोलाच झाकून घरी नेले.

पण ही वरवरची जळजळ. खरं दुखणं घरात होतं. दोन हिवाळ्यांमागे तिच्या नवऱ्याच्या, लेलंडच्या, धाकट्या भावानं, एमिलनं, स्वतःचा जीव घेतला. दोघे भाऊ मिळून शेती करत. एमिलला पुरून आल्यापासून लेलंडचं बोलणं आटलं. मीठ दे. पाऊस नाही. उद्या बाजार. एवढंच. आर्डिसनं त्याच्या आवडीचं रांधून पाहिलं, रागावून पाहिलं, रडून पाहिलं. अख्खं गाव जिच्याशी बोलायला धडपडे, तिच्याशी तिचा नवरा बोलेना. हे तिनं कुणालाही कळू दिलं नव्हतं.

मग केंद्राच्या गालिच्याचं काम तिलाच मिळालं. गुरुवारी संध्याकाळी ती माप घ्यायला गेली. बोळकांडीत गुडघ्यावर बसून टेप लावत होती. बंद दारापाशी एक छोटं यंत्र घरघरत होतं, आतले शब्द बाहेर जाऊ नयेत म्हणून ठेवलेलं. शब्द खरंच कळत नव्हते. आवाज मात्र कळला. लेलंडचा होता. तो बोलत होता, थांबत होता, पुन्हा बोलत होता, आणि मध्ये एकदा चक्क हसला. आर्डिसच्या हातातून टेप सुटून सर्रकन आपल्या डबीत गेली.

आता तिला दर गुरुवारी घरी येणाऱ्या दुधाचा उलगडा झाला. या गावात माणूस पिकअपवरून ओळखला जातो, आणि केंद्रापुढे आपली पिकअप दिसावी असं कुणालाच वाटत नाही. म्हणून लोक किराणा दुकानामागे गाडी लावून बोळातून येत. लेलंडची हिरवी पिकअप गुरुवारी तिथंच असे. विचारलं की म्हणे, दूध आणायला गेलो होतो. आणि घरात दूध असलं तरी आणखी दूध घेऊन येई.

दुसऱ्या बाईच्या मिठीत सापडला असता, तर तिनं त्याला घराबाहेर काढून दार लावून घेतलं असतं आणि मोकळी झाली असती. हे त्याहून वाईट होतं. जे ती दोन वर्षं मागत होती, ते तो त्या पोरीला दर आठवड्याला तासभर देत होता.

केंद्राच्या उद्घाटनाची तारीख ठरवणं आर्डिसच्या हातात होतं. तिनं गुरुवार सांगितला, संध्याकाळी पाच. शॉना म्हणाली, गुरुवारी काही भेटी असतात, बुधवार नाही का चालणार? आर्डिसनं सांगितलं, बुधवारी चर्च, शुक्रवारी फुटबॉल, तुम्ही नव्या आहात, तुम्हाला कळायचं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मग शॉनानं भेटी हलवल्या आणि फोनवर निरोप ठेवले. लेलंडला फोनवरचे निरोप ऐकायची सवय नाही, हे आर्डिसला ठाऊक होतं. ती गप्प राहिली.

गुरुवारी केंद्रापुढे निम्मं गाव लोटलं. किराणा दुकानामागेही गाड्यांची गर्दी. पाचच्या सुमारास हिरवी पिकअप कोपऱ्यावर आली आणि मंदावली. फीत, माणसं आणि लाल कोटातली आपली बायको लेलंडनं पाहिली. वर्लिननं हाक मारली, "ये की लेलंड, चीज आहे भरपूर." लेलंडनं स्टिअरिंगवरून एक बोट वर करून रामराम केला आणि पिकअप सरळ पुढे गेली. आर्डिसनं फीत कापली. फोटो झकास आला.

पुढच्या गुरुवारी लेलंड कुठंच गेला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. खुर्चीत बसून राहिला. आर्डिसनं दुकान लवकर बंद केलं आणि समोर येऊन बसली. त्या पोरीकडून हिसकावलेला तास आता तिचा होता. तासात तो एकदाही तोंड उघडेना. रात्रीचं जेवणही तसंच ताटात राहिलं. मग तो गोठ्याकडे जायचाही बंद झाला, दाढी वाढली, आणि एके सकाळी तिनं त्याला एमिलच्या जुन्या जॅकेटात बसलेलं पाहिलं. मत्सर कुठच्या कुठे गेला असं मी म्हणणार नाही. तो होताच. पण त्यापेक्षा मोठी भीती शेजारी येऊन बसली होती.

गुरुवारी साडेचारला ती किल्ल्या घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. चल, म्हणाली, मी सोडते.

"तारीख तूच ठरवलीस ना?" लेलंडनं विचारलं.

"हो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

त्यानं टोपी घातली.

दुकानाची व्हॅन तिनं बोळात घातली नाही. केंद्राच्या दारातच उभी केली. व्हॅनच्या दोन्ही बाजूंना नोवोत्नी हे नाव वीतभर लाल अक्षरांत रंगवलेलं. लेलंड क्षणभर थबकला, मग उतरून आत गेला. ती व्हॅनमध्येच बसून राहिली. आत जी खुर्ची त्याला बसायला मिळाली असेल, तिचासुद्धा तिला हेवा वाटला.

वर्लिन बँकेतून निघाला होता. खिडकीपाशी वाकला. "काय आर्डिस, आणखी मापं?"

"नाही. लेलंड आत आहे."

वर्लिननं इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला. "माझा मंगळवार असतो," म्हणाला आणि निघून गेला. त्याही स्थितीत आर्डिसला लागलं. आधी आपल्याला सांगायला काय झालं होतं याला?

तासानं लेलंड बाहेर आला. डोळे सुजलेले. शेजारी बसला. ती किल्ली फिरवायला गेली, तर त्यानं तिचा हात धरला.

"आदल्या दिवशी एमिल आला होता," तो म्हणाला. "कोल्हे वासरांच्या मागे लागलेत म्हणाला. बंदुकीच्या कपाटाची किल्ली मागितली. मी दिली."

रस्त्यावरून माणसं जात होती, व्हॅनवरचं नाव वाचून हात हलवत होती. आर्डिसला हात हलवायचं सुचलं नाही. दोन वर्षं हा माणूस एवढं घेऊन तिच्यासमोर जेवायला बसत होता.

"हे तिला आधी सांगितलंस?" तिनं विचारलं. विचारू नये हे कळत असूनही विचारलं.

"तिथं बोलून पाहिलं. बऱ्याच वेळा. ती म्हणाली, आता घरी बोलता येईल."

म्हणजे हेही त्या पोरीनं घडवून पाठवलेलं. आर्डिसनं किल्ली काढून घेतली आणि त्याच्याकडे वळून बसली.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून. तिला सांगितलंस त्याहून जास्त सांग."