विमानात खाल्लेलं पान

विमानात बसायची हौस असलेल्यांनी हे जरूर वाचावं. मला ओळखत असाल, तर मात्र भेटल्यावर विषय काढू नका.

आमचा पानमळा अंजनगावला. मी अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत शेटजींचा कारभारी. धाकटा भाऊ लक्ष्मण मुंबईहून बोटीनं मोंबासाला निघाला होता, तिकडं रेल्वेत नोकरी लागली म्हणून. आता कैक वर्षं भेट होणार नव्हती. आईच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपणारा नव्हता. तिनं मळ्यातली पानं स्वतः निवडली, ओल्या फडक्यात गुंडाळून करंडीत भरली.

"त्याच्याच हातात देजो," ती म्हणाली. "अन् रोज फेरजो बाप्पा, नाहीतं सडतीन."

पानं रोज उलटीपालटी करायची, डागी पान बाजूला काढायचं, याला आमच्याकडे फेरणं म्हणतात.

अंजनगावहून अकोल्याला मोटार अकोटवरून जाते. तोंडाला फडकं बांधून बसा, नाहीतर उतरल्यावर घरचे ओळखणार नाहीत. तिथून मी शेटजींबरोबर रेल्वेनं नागपूरला गेलो, कारण त्यांचं कोर्टाचं काम होतं. ते उरकून त्याच संध्याकाळी मुंबईची मेल धरायचा बेत होता. पण काम लांबलं आणि मेल डोळ्यांदेखत निघून गेली. लक्ष्मणाची बोट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुटणार होती. शेवटी शेटजींनीच सकाळच्या विमानाचं तिकीट काढून दिलं. त्या पैशात अकोल्याला नवी सायकल आली असती.

विमान मला नवं नव्हतं. शेटजींबरोबर दिल्लीला गेलो तेव्हा कानांत असे दडे बसले, की पुढं त्यांच्या शिव्याही ऐकू येईनात, तेवढाच फायदा. मद्रासच्या खेपेला वादळामुळे हैदराबादलाच उतरवलं आणि दिवसभर चहालाही न विचारता बसवून ठेवलं. नागपूरला ताप वेगळा. तिथं सामानाबरोबर माणसालाही काट्यावर चढवतात आणि वजन मोठ्यानं वाचतात. "गठाण भारी हाये!" मागून कोणीतरी बोललंच, जसा काही मी कापसाचा गठ्ठा. कानांत घालायला कापूस दिला, तोही आखूड धाग्याचा. आमच्या फॅक्टरीनं दारात उभा केला नसता.

विमान उडालं. या वेळी शेजारी शेटजी नव्हते. मी करंडीतलं एक पान काढलं, खिशातली चुना-सुपारीची चंची सोडली आणि मस्त विडा जमवला. आता पुढचं सांगायचीच लाज वाटते. थुंकायचं कुठं? खिडकी काही उघडत नव्हती. समोर एक कागदी पिशवी खोचलेली दिसली. म्हटलं, वा रे वा, काय सोय केली आहे! बिनघोर थुंकत बसलो.

तेवढ्यात विमान धाडकन खाली गेलं आणि पिशवी हातातून सुटली. विमानातली बाई धावत आली. माझं धोतर, सदरा, तोंड, सगळं लाल.

"खून की उल्टी?" तिनं घाबरून विचारलं.

सगळं विमान माझ्याकडे वळून बघायला लागलं. साहेब, मडमा, एक पारशी जोडपं. त्यांच्यासमोर 'पान आहे' म्हणायला माझं तोंडच उघडेना. मी मान हलवली. चक्क हो म्हणून!

मग काय विचारता! मला आडवं केलं, घोंगडी पांघरली, आजूबाजूचे लोक नाकाला रुमाल लावून मागं जाऊन बसले. मुंबईला उतरल्यावर मला एका खोलीत घातलं आणि डॉक्टर येईपर्यंत हलायचं नाही म्हणून बजावलं. त्या डॉक्टरचा पत्ता नाही. खिडकीतलं ऊन कललं तसा मी करंडी घेऊन दाराशी येरझारा घालायला लागलो.

शेवटी तो आला. बोलण्यावरून पुण्याकडचा. "रक्त कधीपासून पडतंय?"

तोवर माझी पुस्तकी भाषा पळाली होती. "रक्त नाही जी डॉक्टर! पान हाये! पान खाल्लं मी!"

त्यानं माझे दात पाहिले, पिशवी हुंगली. "मग हे विमानातच का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"आणि आता?"

"आता भाऊ चालला जी माह्या."

त्यानंच टॅक्सी मिळवून दिली.

गोदीत पोचलो तेव्हा बोटीनं धक्का सोडला होता. कठड्याशी माणसंच माणसं, सगळ्यांचे रुमाल हलत होते. मी करंडी डोक्यावर धरून लक्ष्मणा, लक्ष्मणा ओरडत राहिलो. त्यानं पाहिलं की नाही, कोण जाणे.

परत रेल्वेनंच आलो. वाटेत पानं फेरली. ती आता कोणासाठी फेरायची, हे हाताला कुठं ठाऊक?

घरी आईनं करंडी उघडली. "हे परत काहून आनले रे?"

मी सगळं सांगितलं. पिशवीचं ऐकून तिला हसू फुटलं, घोंगडीचं ऐकून ती पोट धरून हसली. हसताहसता तिनं पदर डोळ्यांना लावला, तो मग बराच वेळ खाली घेतलाच नाही.

"हे त्याले लिवून धाडजो," ती पदराआडूनच म्हणाली. "तिकडं एकटा हाये तो. हासीन तरी."

तेव्हापासून कितीदा कागद पुढं घेतला. 'चिरंजीव लक्ष्मणास अनेक आशीर्वाद' इथवर येतो आणि हात थांबतो. विमानात अनोळखी माणसांपुढं एकदा तोंड उघडलं असतं, तर भाऊ भेटला असता. म्हणून या खेपेला आधी तुम्हाला सांगितलं. आता त्याला लिहितो.