एका मॉनिटरवर दोघं

उदगीरला स्टेशनच्या वाटेवर पंचशीला घरीच टायपिंगचं काम करायची. नवरा नाशिकला कंपनीत. घरात ती आणि दीर केरबा. सोळा सालचा उन्हाळा. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आणि उदगीर जिल्हा होणार अशी हवा होती. त्यामुळं निवेदनं, ठराव, अर्ज, कामाला उसंत नव्हती.

त्याच दिवसांत केरबानं बंद पडलेल्या नेटकॅफेतून जुना सीपीयू आणला. परीक्षेचा अभ्यास करतो म्हणाला. दुसऱ्या मॉनिटरची ऐपत नव्हती. मग त्यानं दोन्ही सीपीयूच्या वायरी एका छोट्या डबीला जोडल्या आणि तिथून एकच वायर मॉनिटरला नेली. डबीवरची कळ डावीकडं फिरवली की पंचशीलाचं काम दिसायचं, उजवीकडं फिरवली की केरबाचं.

सोय झाली, पण पंचशीलाच्या मनात पाल चुकचुकली. ती आत आली रे आली की केरबा कळ डावीकडं फिरवायचा. "बसा वैनी, माझं झालं." अभ्यास करणारा माणूस पडदा कशाला लपवील? फोन आला की अंगणात जाऊन हळू बोलायचा. पत्त्यांच्या जुगाराचा नाद लागला, की बाईचं काही प्रकरण? तिनं नवऱ्याच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "नजर ठेव."

एका दुपारी गल्लीत टँकर आल्याची ओरड झाली. केरबा घागरी घेऊन पळाला. पंचशीलानं दार लोटलं आणि कळ उजवीकडं फिरवली.

पडद्यावर गल्लीचं नाव, खाली तारखा, आणि प्रत्येकीपुढं 'टँकर आला नाही'. आठ-नऊ दिवसांतून एकदा 'आला'. टँकरवाला गुंडप्पा नगरपालिकेच्या बिलासाठी खेपांचे तक्ते तिच्याकडूनच टाईप करून न्यायचा. त्यांत याच गल्लीच्या रोज दोन खेपा होत्या. स्वतःच्या घरात पाणी नसताना तिनं ते आकडे काही न विचारता उतरवले होते.

केरबा भरली घागर घेऊन दारात थबकला.

"हे काय करायलात भाऊजी?"

"तक्रार लिहायलो."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

त्यानं घागर खाली ठेवली. "गुंडप्पाचे कागद तुमच्याकडंच येतात. मला वाटलं, तुम्ही त्याच्या बाजूच्या."

तिला लागलं. पण आपणही याला जुगारी ठरवून बसलो होतो, हे आठवून ती रागावू शकली नाही. तिनं खुर्ची ओढली. "वही घ्या. मी त्याचा तक्ता वाचते, तुम्ही तारखा ताडून बघा."

गुंडप्पाचे तक्ते जोडलेल्या तक्रारीवर गल्लीतल्या एकोणीस जणांनी सह्या केल्या. चौकशीला नगरपालिकेचा माणूस आला, पंचनामा झाला, आणि टँकर दिवसाआड येऊ लागला.

मग गुंडप्पा आला. उंबऱ्याबाहेरूनच त्यानं विचारलं, "माझे कागद बाहेर कसे गेले, बाई?"

"मीच दिले."

"विश्वासानं देत होतो."

"हाव. पण पाणी आलं नव्हतं."

तो निघून गेला. बाजारात हे बोलला असावा. पुढं महिनाभर एकही व्यापारी तिच्याकडं फिरकला नाही. हिच्या हाती कागद द्यावा का, असं लोक कुजबुजत. तिला वाईट वाटायचं, कधी वाटायचं आपलं चुकलंच. शेवटी शेजारची कोंडाबाई निराधार पगाराचा अर्ज घेऊन आली. पंचशीलानं तो आधी शेवटपर्यंत वाचला, दोन गोष्टी विचारून घेतल्या, आणि मगच टायपिंगला बसली.