पुलापाशी वळणारा ठिपका

चिहारुला नगरपालिकेने नकाशे करायला ठेवलंय, पण पोरगी मूळचीच चौकशीखोर. माझ्या टोफूच्या दुकानात येऊन विचारते, "मावशी, पाणी कुठल्या गटारातून आधी वर येतं?" मी म्हणते, "आधी टोफू घे, मग गटाराचं बोल!"

आमच्या नागिहामात त्सुनामीचा सराव असतो. भोंगा वाजला की सगळ्यांनी डोंगरावरच्या देवळात पळायचं. चिहारुने प्रत्येकाच्या गळ्यात, माणूस कुठे आहे ते कळवणारी एकेक डबी अडकवली. तिच्या पडद्यावर गावाचा नकाशा, त्यावर आपण सगळे ठिपके, आणि मागून चढत येणारा निळा रंग म्हणजे समुद्र, सरावापुरता खोटाच. एक ठिपका बंदरावरच्या, समुद्री शेवाळ वाळवायच्या शेडमधून निघाला, पुलापर्यंत आला आणि गर्रकन वळून खालच्या आळीत गेला. निळ्याने त्याला गिळलं.

मग त्या शेडमध्ये काम करणाऱ्या तोमेआजी धापा टाकत वर आल्या, काखेत गाठोडं.

"आजी, तुम्ही बुडालात."

"मग हे काय भूत बोलतंय?"

चिहारु हसली नाही. तिला वाटलं, पुलाचा चढ नडतो. तिने कठडा बसवून घेतला. पुढच्या सरावाला ठिपका कठड्याला धरून आला आणि पुन्हा वळला! तिला काही चैन पडेना. त्यापुढच्या सरावाला ती आजींच्या मागोमाग पळाली. आजी घरात शिरल्या, पितरांच्या कोनाड्यातली नवऱ्याच्या नावाची पाटी काढली आणि कापडात गुंडाळली.

"त्याला बुडायला ठेवून जाऊ होय गं?"

आता आमच्यात हे कोण करत नाही? मी स्वतः सासूची पाटी दाराशीच ठेवते. पण आजींचं घर पार उलट्या बाजूला.

"आजोबांना वर देवळातच ठेवू या," चिहारु म्हणाली.

"आणि सकाळचा भात कोण दाखवणार? तू?"

"तुम्हीच. वर येऊन."

"म्हातारा मेला तरी मला पळवतोय!" आजी कडाडल्या. पण पाटी वर गेली, आणि त्या रोज सकाळी भाताची वाटी घेऊन चढू लागल्या.

फाल्गुनात भर दुपारी जमीन हलली. खरीच. माझं टोफूचं पिंप कलंडलं, मी तशीच पळाले. वर चिहारु पडद्याला डोळे लावून बसलेली. सगळे ठिपके वर येत होते. शेडमधला एक पुलापाशी आला आणि थांबला. निळा रंग बंदरात शिरला होता. "वळू नका, आजी, वळू नका," ती पुटपुटत होती. माझा तर जीव टांगणीला लागला.

ठिपका हलला. वर.

आजी आल्या तेव्हा खालच्या आळीत पाणी कौलांपर्यंत होतं. चिहारुने त्यांचे हात घट्ट धरले. "पुलावर का थांबलात हो?"

"पाय सवयीने वळले गं. मग आठवलं, तो आधीच वर जाऊन बसलाय." त्यांनी पाटीकडे पाहिलं. "जन्मभर कधी वेळेवर आला नाही. आज माझ्याआधी पोचला."