सावडीला तूच ये

१२ डिसेंबर. आज कांद्याची रोपं उपटून जुड्या बांधताना हाताला तो उग्र वास लागला आणि सहा वर्षांपूर्वीचा दिवस आठवला. रोपं उपटून ठेवली होती, पण लागवडीची टोळी आलीच नाही. ऊन चढलं, रोपं माना टाकू लागली. तेवढ्यात शेजारची म्हातारी चार बायका घेऊन बांधावर आली. “सावड मोडून लई वर्सं झाली. आज तुझं लावू, उद्या माझं,” म्हणाली. मी म्हटलं, “मावशी, उद्या टोळी आली की तुमच्याकडे पाठवते.” ती हसली, “सावडीला मजूर चालत न्हाई, बाई. का तुझी कंबर मोडंल?” अंधार पडायच्या आत माझे वाफे लावून झाले. आज आमच्या सावडीत सोळा जणी आहेत. त्या लागवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिच्या वाफ्यात जुडी घेऊन मीच वाकले होते.