गॉज तोलणारी आत्या

रक्ताच्या बाबतीत माझ्या आत्याइतकी कंजूष बाई रायगड जिल्ह्यात झाली नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे. पेणच्या एका लहान इस्पितळात ती ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. रक्त टिपलेलं प्रत्येक गॉज, म्हणजे जाळीदार कापडाची घडी, ती काट्यावर तोलायची, त्यातून कोरड्या गॉजचं वजन वजा करायची आणि किती रक्त गेलं ते सर्जनना सुनवायची. घरीही तेच. कुणाचं बोट कापलं की कापड दाबून, घड्याळाकडे बघत पाच मिनिटं उभी. रोह्याजवळच्या वरसे गावी चुलतभावाच्या लग्नात नारळ फोडताना नवरदेवाचंच बोट कापलं. मुहूर्त टळतोय म्हणून भटजी ओरडले, तर म्हणाली, "टळू दे. पोरीला गळका नवरा देऊ काय?"

मी रोह्यात रक्तदानाची शिबिरं घेते, पत्रकं छापते. पत्रक वाचून आत्या म्हणायची, "चांगलं हाय गो. पण ऑपरेशनात सांडतं किती, ते कुठं लिवलंस?" माझा संताप व्हायचा. पेशंटच्या माणसांनी रक्तासाठी दारोदार फिरायचं, आणि ही माझ्याच चुका काढणार!

मग आत्याच्याच इस्पितळात बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन ठरलं. पाय बधिर होत चालले होते. रक्तगट ओ निगेटिव्ह. निडीपासून खांबपर्यंत गावोगाव फोन फिरवले. मिळाली एकच पिशवी. शिबिरं घेणारीच्या बापाला एक पिशवी!

"सिस्टर, भाऊ आहे तुमचा. आज बाहेर बसा," सर्जन म्हणाले.

"मग गॉज कोण तोलणार?" म्हणत ती आत गेली.

पुढचं मला सर्जननीच सांगितलं. हाड कोरताना रक्त झिरपतच राहिलं. अशा वेळी रक्त थांबवणाऱ्या औषधात भिजवलेलं गॉज थेट जखमेवर ठेवून पाच मिनिटं थांबायचं असतं. सर्जननी तिसऱ्याच मिनिटाला ते उचलायला हात घातला.

"हात मागे, डॉक्टर. दोन मिनिटं बाकी हायत," आत्या म्हणाली.

ते थांबले. गॉज उचललं तेव्हा झिरपणं जवळजवळ बंद झालं होतं. पिशवी लावावीच लागली नाही.

आत्या बाहेर आली ती बाकावर बसूनच राहिली. "त्या पाच मिनिटांत मला तो माझ्या कडेवरचा दिसत होता," ती म्हणाली. "चालंल ना गो तो?" थिएटरमध्ये आयुष्य काढलेली बाई हे मला विचारत होती. मला काहीच माहीत नव्हतं. मी छातीठोकपणे "व्हय" म्हणाले.

ती आता निवृत्त होऊन रोह्यात राहते. बाबा रोज सकाळी काठी टेकत वरशाच्या रस्त्याने फिरायला निघतात. दहा पावलं मागून, त्यांना कळू न देता, आत्या चालत असते.